औषधी रसायनशास्त्र : शिक्षण आणि व्यवसाय

रेणूच्या रचनेत बदल केला की त्याचा शरीरावरील परिणाम कसा बदलतो हे तपासून नवी औषधे आखणारी व बनवणारी रसायनशास्त्राची शाखा. उदाहरणार्थ, सल्फॅनिलअमाइड या जिवाणूंविरुद्धच्या औषधात अमिनो गट आणि सल्फोनअमाइड गट बेंझीन वलयावर समोरासमोर, म्हणजे पॅरा स्थानी, असतात. अमिनो गट ऑर्थो (लगतच्या) किंवा मेटा (एक सोडून पुढच्या) जागी सरकवला की जिवाणूंवरचा परिणाम जातो; कारण जिवाणू ज्यापासून फॉलिक आम्ल बनवतात त्या पॅरा-अमिनोबेंझॉइक आम्लासारखा हा रेणू मग राहत नाही आणि ते बनवणाऱ्या जिवाणूच्या विकराला (एन्झाइमला) अडवू शकत नाही. असे संबंध नुसते पाठ करून भागत नाही. रचना काढताना ते हाताला सुचायला हवेत.

भारतात या विषयाकडे दोन वाटांनी येता येते. चार वर्षांच्या बी.फार्म.मध्ये तो चौथ्या, पाचव्या व सहाव्या सत्रात असतो. पुढे जीपॅट ही प्रवेशपरीक्षा देऊन औषधी रसायनशास्त्रात दोन वर्षांचे एम.फार्म. करतात. दुसरी वाट बी.एस्सी. आणि मग सेंद्रिय रसायनशास्त्रात एम.एस्सी. अशी. मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था (स्थापना १९३३) व मोहालीची नायपर (राष्ट्रीय औषधनिर्माण शिक्षण व संशोधन संस्था) ही नावाजलेली ठिकाणे, पीएच.डी.साठी पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळाही. वाट निवडताना एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी : नुसत्या एम.एस्सी.वर औषध निरीक्षक होता येत नाही, फार्मासिस्ट म्हणून नोंदणीही होत नाही.

खरी परीक्षा प्रॅक्टिकलमध्ये होते. ॲस्पिरिनसाठी २ ग्रॅम सॅलिसिलिक आम्ल, ५ मिलि ॲसेटिक ॲनहायड्राइड व तीव्र सल्फ्युरिक आम्लाचे ४-५ थेंब घेऊन मिश्रण ५०-६० अंश सेल्सिअसवर पंधराएक मिनिटे ठेवतात, मग बर्फाच्या पाण्यात ओततात. हिशेबाने २.६ ग्रॅम माल मिळायला हवा. फ्लास्क ओला असेल तर ॲनहायड्राइड पाण्याशीच संयोग पावून संपतो आणि माल घटतो. स्फटिक शुद्ध करताना पाण्यात फार वेळ उकळले तर ॲस्पिरिन पुन्हा फुटून सॅलिसिलिक आम्ल सुटते. फेरिक क्लोराइडचा थेंब टाकताच जांभळा रंग आला, म्हणजे आम्ल शिल्लक आहे. स्फटिक पडत नसतील तर बहुधा द्रावक जास्त झालेला असतो : थोडा उडवून फ्लास्कची आतली भिंत काचेच्या कांडीने घासावी.

नोकऱ्या बहुतेक औषध कंपन्यांत आणि दुसऱ्यांसाठी संशोधन करणाऱ्या संस्थांत मिळतात. संश्लेषण विभागात अभिक्रिया लावणे, टीएलसीवर (पातळ थरावर घटक वेगळे करून) तिची प्रगती पाहणे, कॉलमने (भरलेल्या नळीतून द्रावण सोडून) रेणू वेगळा करणे आणि एनएमआरने (रेणूची रचना दाखवणाऱ्या चुंबकीय तंत्राने) ओळख पटवणे हा दिनक्रम. प्रक्रिया विकासात तीच अभिक्रिया किलोच्या मापात बसवायची असते. भांडे मोठे झाले की घनफळाच्या मानाने पृष्ठभाग कमी पडतो, उष्णता लवकर निघत नाही, म्हणून अभिकर्मक थोडाथोडा घालावा लागतो. गुणवत्ता नियंत्रणात एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारे यंत्र) चालवता येणे आणि नोंदी त्या त्या वेळीच लिहिणे याला फार किंमत आहे. नियामक कामकाज व पेटंट या विभागांत रसायनाइतकीच लेखनावर पकड लागते. नवे रेणू आखणाऱ्या गटांचे नेतृत्व मात्र बहुधा पीएच.डी. झालेल्यांकडेच जाते.