सर्वसमावेशक कुटुंबभाषा

शाळा, अंगणवाडी, दवाखाना किंवा सरकारी अर्जात मुलाच्या घराविषयी विचारताना 'आई, वडील आणि त्यांची मुले' एवढीच रचना गृहीत न धरणारी भाषा. एकल व दत्तक पालक, सावत्र नाती, आजी-आजोबांकडे वाढणारी मुले, समलिंगी जोडपी आणि पारलिंगी (ट्रान्सजेंडर) पालक या साऱ्यांना तीत जागा असते. गोव्यात वडील बोटीवर किंवा आखातात आणि प्रगतिपुस्तकावर सही आजीची, हे चित्र जुनेच आहे. देवळांत गायन-नृत्याची परंपरा असलेल्या कलावंत समाजातल्या अनेक घरांत मुलांची ओळख आईकडून चाले, आडनाव गावावरून येई. गायिका केसरबाई केरकर केरीच्या, मोगूबाई कुर्डीकर कुर्डीच्या (हे गाव पुढे साळावली धरणात बुडाले).

'पालक' हा शब्द लिंग सांगत नाही, रक्ताचे नातेही मागत नाही. नवा शब्द घडवण्याची गरजच नाही. लिंग शिरते ते क्रियापदातून. 'पालक आले का?' यातले रूप पुल्लिंगी आहे. 'घरून कोण येणार?' यातले नाही. 'पालकांनी सही करावी' हेही चालते, कारण इथे क्रियापद 'सही'प्रमाणे वळते. 'बाबा काय करतात?' याऐवजी 'घरी कोण कोण असतं?' असे विचारावे. मूल कोकणीत आई-वडिलांना 'आवय', 'बापूय', 'मांय', 'पाय' म्हणत असेल तर तेच शब्द ठेवावेत. 'खरी आई', 'बिनबापाचा', 'अनौरस', 'कुमारी माता' हे टाळावेत. जन्म देणारी ती 'जन्मदाती' आणि दत्तक घेणारी नुसती 'आई'. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३च्या मार्गदर्शक पुस्तिकेनेही अविवाहित मातेला फक्त 'माता' म्हणण्यास सांगितले. निमंत्रणावरचे 'श्री. व सौ.' काढून पूर्ण नावे लिहिली की अर्धे काम होते.

अर्जात सहसा चूक होते ती अशी: मथळ्यात 'पालक' येते, पण खाली 'वडिलांचे नाव' हा रकाना सक्तीचाच राहतो आणि संगणक तो भरल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. मग लोक 'लागू नाही' किंवा मामाचे नाव टाकतात आणि नोंद कायमची बिघडते. 'पालक १', 'पालक २ (असल्यास)' आणि प्रत्येकापुढे 'मुलाशी नाते' असा मोकळा रकाना ठेवावा. मुलाला शाळेतून कोण नेऊ शकते आणि तातडीच्या वेळी कोणाला फोन करायचा, हे वेगळे विचारावे; रोजच्या कामात तेच उपयोगी पडते. वंशवृक्षाच्या प्रकल्पाला 'माझ्या घरची माणसे' म्हटले, तर दत्तक मुलाला वर्गासमोर खुलासा करावा लागत नाही.

२०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित मातेला पित्याचे नाव न सांगता पालकत्वासाठी अर्ज करण्याची मुभा दिली. २०१६पासून पासपोर्टच्या अर्जात एकाच पालकाचे नाव पुरते. केरळ उच्च न्यायालयाने २०२५मध्ये एका पारलिंगी जोडप्याच्या मुलाच्या जन्मदाखल्यावर आई-वडिलांऐवजी 'पालक' अशी नोंद करण्याचा आदेश दिला.

शब्द बदलल्याने हक्क मात्र मिळत नाही. १८६७च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेच्या परंपरेतल्या गोव्याच्या वारसा कायद्यात निम्मी मालमत्ता मुलांसारख्या अनिवार्य वारसांसाठी राखीव असते, आणि तिथे कायद्याने सिद्ध झालेले नातेच चालते. म्हणून वारसा, मुलाचा ताबा किंवा दत्तकविधानाच्या कागदांत 'पालक' न लिहिता नेमके नाते लिहावे.