देव न मानणाऱ्याची दारूमुक्ती : बारा पायऱ्यांमागचा वाद

ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात दारू सोडायला निघालेल्या माणसाला बहुतेक वेळा दोनच वाटा सांगितल्या जातात : व्यसनमुक्ती केंद्रात भरती हो, नाहीतर अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस (ए.ए.) या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या स्वमदत गटाच्या मीटिंगला जा. केंद्रातून घरी आल्यावरही पुढे मीटिंग आहेच. ती फुकट असते, तिथे कुणी आडनाव विचारत नाही, आणि तिने हजारो संसार सावरले आहेत. अडचण येते ती ए.ए.च्या बारा पायऱ्या, म्हणजे दारूमुक्तीसाठी पाळायची बारा तत्त्वं, वाचताना. दुसऱ्या पायरीत आपल्याहून मोठी शक्ती, तिसरीत थेट ईश्वर.

आपल्याकडची जुनी वाटही देवाचीच. गळ्यात तुळशीची माळ पडली की दारू-मटण सुटतं. १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेत मात्र देव नाकारणं आणि दारू न पिणं एकाच बावीस प्रतिज्ञांत आलं. त्या प्रतिज्ञा ऐकत वाढलेल्याला 'ईश्वराला शरण जा' म्हणणं म्हणजे अर्धी प्रतिज्ञा पाळण्यासाठी अर्धी मोडायला लावणं आहे.

पायऱ्या अमेरिकेतल्या. १९३५ मध्ये ॲक्रन शहरात सुरू झालेली ही चळवळ एका ख्रिस्ती पुनरुज्जीवन गटाच्या छायेत वाढली. पहिल्या मसुद्यात गुडघे टेकून देवाची करुणा भाकायची होती. सुरुवातीच्या सदस्यांतल्या नास्तिकांनी हरकत घेतली, म्हणून चळवळीच्या १९३९ च्या छापील पुस्तकात गुडघे गेले आणि ईश्वरापुढे 'आम्हाला जसा उमगला तसा' ही सवलत आली. भारतात मीटिंगा १९५७ पासून.

खरी ठिणगी पडली कॅनडातल्या टोरांटोत, २०११ मध्ये. तिथल्या दोन नास्तिक गटांनी पायऱ्यांतून देव वगळून आपली आवृत्ती वाचायला घेतली. शहरातल्या गटांच्या समन्वय मंडळाने मतदान घेऊन दोघांची नावं मीटिंगांच्या यादीतून काढली. मंडळाचं म्हणणं असं : पायऱ्या बदलल्या तर नाव तेच कसं ठेवायचं? याला वजन आहे. पण सदस्यत्वाची अट एकच, दारू सोडायची इच्छा. ती त्या लोकांकडे होती. शिवाय यादीतून नाव जाणं म्हणजे नुसता अपमान नव्हता. पहिल्यांदा मदत शोधणारा माणूस ती यादीच बघतो. २०१४ मध्ये प्रकरण प्रांताच्या मानवाधिकार न्यायाधिकरणात गेलं, तडजोड झाली आणि २०१७ मध्ये गट यादीत परतले. मला नावं काढण्याचा निर्णय मुळातच चुकीचा वाटतो. सहा वर्षांत किती जण दारापर्यंत येऊन फिरले असतील, ते कुणी मोजलं नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. २०२० च्या एका मोठ्या आढाव्यात दारूपासून सलग लांब राहण्याच्या बाबतीत बारा पायऱ्यांवर आधारलेले उपचार विचार-वर्तन उपचारांपेक्षा (सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारे उपचार) सरस ठरले. म्हणजे नास्तिकाने मीटिंगकडे पाठ फिरवावी असं नाही. त्याला तिथे बसायला जागा हवी. देवाचं नाव न घेणारे, विचार-वर्तन पद्धतीवर चालणारे स्वमदत गट अमेरिकेत १९९४ पासून आहेत. लॉकडाउननंतर नास्तिकांच्या मीटिंगा ऑनलाइन वाढल्या, त्यामुळे ऐरोलीतून किंवा कळव्यातूनही त्यात बसता येतं. पण त्या बहुतेक इंग्रजीत, आणि न्यूयॉर्कची संध्याकाळी सातची मीटिंग उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेचारला सुरू होते.