ओपनरीच आणि कोरस: दोघी ‘वेगळ्या’, पण सारख्या नाहीत

फायबर जाळ्यांची चर्चा निघाली की ब्रिटनची ओपनरीच आणि न्यूझीलंडची कोरस यांची नावं एका दमात घेतली जातात. दोघी घरोघरी थेट ब्रॉडबँड विकत नाहीत; तारा टाकतात आणि इतर कंपन्यांना घाऊक दराने वापरायला देतात. म्हणून दोन्ही देशांनी ‘जाळं वेगळं काढलं’ असं सरसकट म्हटलं जातं. पण ओपनरीच आजही पूर्णपणे बीटी या ब्रिटिश दूरसंचार समूहाच्या मालकीची आहे. कोरस मात्र 2011 मध्येच मूळ कंपनीतून बाहेर पडली.

मूळ दुखणं दोन्हीकडे एकच होतं. तारा ज्या कंपनीच्या, तीच ग्राहकांनाही जोडण्या विकते. प्रतिस्पर्ध्याला लाइन तिच्याकडूनच घ्यावी लागते, आणि त्याची ऑर्डर चार दिवस मागे पडली तर ते मुद्दाम झालं हे सिद्ध करणं महाकठीण.

ब्रिटनने यावर कार्यात्मक विभाजनाचा, म्हणजे मालकी तीच पण कारभार वेगळा, असा उपाय काढला. 2005 मध्ये बीटीने नियामक ऑफकॉमला कायदेशीर हमी दिली आणि जानेवारी 2006 मध्ये ओपनरीच हा स्वतंत्र विभाग सुरू झाला. हमीचा गाभा असा: बीटीच्या स्वतःच्या विक्री विभागानेही ठरलेल्या घाऊक सेवा इतरांसारख्याच घ्यायच्या. दर तोच, मुदत तीच, ऑर्डर नोंदवायची संगणकप्रणालीही तीच. प्रतिस्पर्ध्यांची व्यापारी माहिती विक्री विभागाच्या हाती पडू द्यायची नाही.

रोजच्या व्यवहारातला दुजाभाव यामुळे बराच आवरला गेला. पण जुन्या तांब्याच्या तारांवर भागवायचं की नवं फायबर टाकायचं, हा प्रश्न ऑर्डरच्या रांगेत सुटत नाही. तो भांडवल मंजूर करणाऱ्याच्या टेबलावर सुटतो. ते टेबल बीटीचंच राहिलं. स्काय, टॉकटॉक, व्होडाफोन या प्रतिस्पर्ध्यांनी मालकीच्याच पूर्ण फारकतीची मागणी लावून धरली. ऑफकॉम तिथपर्यंत गेलं नाही. 2017 मध्ये ठरलं ते कायदेशीर विभाजन: ओपनरीच स्वतंत्र नोंदणीची कंपनी, संचालक मंडळात बहुसंख्य स्वतंत्र सदस्य, कर्मचारीही तिचेच. मात्र एकूण खर्चाची मर्यादा अजूनही समूहच ठरवतो. माझ्या मते कायदेशीर विभाजन आणि मालकीची फारकत यांतला खरा फरक इथेच आहे.

न्यूझीलंडचीही सुरुवात अशीच झाली. 2008 मध्ये कोरस हा टेलिकॉम न्यूझीलंड या दूरसंचार कंपनीतलाच एक विभाग होता. मग सरकारने फायबरसाठी सार्वजनिक पैसा देऊ केला आणि अट घातली: या पैशातून जाळं बांधणारी कंपनी ग्राहकांना थेट सेवा विकणार नाही. टेलिकॉमपुढे दोनच वाटा उरल्या, एक तर विभागायचं किंवा बाहेर राहायचं. तिने विभागणी स्वीकारली. भागधारकांना दर पाच शेअर्समागे कोरसचा एक शेअर मिळाला आणि दोन कंपन्यांचे रस्ते वेगळे झाले. फायबर योजनेचा सुमारे 70 टक्के भाग कोरसकडे आला.

2014 पासून स्पार्क या नावाने ओळखली जाणारी ती मूळ कंपनी आता कोरसची ग्राहक आहे, आणि शक्य तिथे तिला टाळणारी स्पर्धकही. आपल्या मोबाइल जाळ्यावरून ती घरांना वायरलेस ब्रॉडबँड विकते, म्हणजे कोरसला लाइनचं भाडं द्यावं लागत नाही. ओपनरीचबद्दल बीटीने असं वागण्यात काय हशील? पैसा शेवटी एकाच समूहात येतो.

फारकत झाली म्हणजे मक्तेदारी गेली, हा मात्र गैरसमज. तार एकच असेल तर मालक बदलल्याने दुसरी तार उगवत नाही. म्हणून न्यूझीलंडच्या वाणिज्य आयोगाने 1 जानेवारी 2022 पासून कोरसच्या फायबर उत्पन्नावर कमाल मर्यादा घातली. ऑफकॉमने 2021 मध्ये वेगळा डाव मांडला. ओपनरीचचे भूमिगत नळ आणि खांब सिटीफायबरसारख्या स्वतःचं जाळं टाकणाऱ्या कंपन्यांना वापरता येतील या सोयीवर भर दिला, आणि वेगवान फायबरच्या घाऊक दरांवर कमाल मर्यादा घालायचं टाळलं, म्हणजे गुंतवणूकदाराला परताव्याची आशा राहील.

मालकीची फारकत दर वेळी स्पर्धेसाठीच होते असंही नाही. इटलीत टिम या दूरसंचार कंपनीने 1 जुलै 2024 रोजी आपलं जाळं केकेआर या गुंतवणूक संस्थेच्या गटाला विकलं. त्यामागचं मोठं कारण होतं डोक्यावरचं कर्ज.