मॅन्युअल एसी ऑटोमॅटिक करायचा, तर गाडीला काय काय कळावं लागतं

मॅन्युअल एसीच्या गाडीत ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोल बसवून घेतला म्हणून गाडी आधीपेक्षा जास्त थंड होत नाही. कॉम्प्रेसर तोच, कूलिंग कॉइल तीच, पुढचा कंडेन्सर तोच आणि त्यातून फिरणारा गॅसही तोच. उन्हात तापलेली गाडी निवायला पूर्वी जेवढा वेळ लागायचा, साधारण तेवढाच नंतरही लागतो. हा बदल करायचा विचार असेल तर एवढं आधी पक्कं ठाऊक असावं. बदलतं ते इतकंच, की तापमानावर नजर ठेवण्याचं काम माणसाकडून यंत्राकडे जातं. ऐकायला सोपं वाटणारं हे काम खोलात गेल्यावर किती गुंतागुंतीचं निघतं, ते पाहण्यासारखं आहे.

डॅशबोर्डच्या मागे प्लॅस्टिकची एक मोठी पेटी असते. तिच्या एका टोकाला ब्लोअर. तो बाहेरची किंवा गाडीतलीच हवा ओढून कूलिंग कॉइलमधून पुढे ढकलतो. कॉइलच्या पुढे हीटरचा छोटा रेडिएटर असतो आणि त्यात इंजिनाचं गरम पाणी फिरत असतं. या दोघांच्या मध्ये एक झडप असते. गार झालेल्या हवेतला किती भाग हीटरवरून जाईल आणि किती बाजूने निघून जाईल, हे ती ठरवते. न्हाणीघरात गरम आणि गार पाण्याचे नळ कमीजास्त करून हवं तसं पाणी मिळवतात, तसाच हा प्रकार. तापमानाचा नॉब फिरवला की त्याला जोडलेली केबल ही झडप हलवते.

आधी हवा गार करायची आणि मग तीच पुन्हा तापवायची, हा उधळेपणा वाटेल. पण गार कॉइलवरून जाताना हवेतली वाफ पाणी होऊन गळून पडते आणि हवा कोरडी होते. पावसाळी दमट दिवसात काचा स्वच्छ राहतात त्या यामुळेच.

आता महत्त्वाची गोष्ट. मॅन्युअल नॉब तापमान ठरवत नाही, तो फक्त मिश्रणाचं प्रमाण ठरवतो. नॉब त्याच जागी असला तरी इंजिन गार असताना वेगळी हवा येते, तापल्यावर वेगळी, सिग्नलला थांबल्यावर वेगळी आणि भरधाव जाताना वेगळी. हा फरक भरून काढतो चालक. त्याच्या त्वचेला गरम किंवा गार जाणवतं, मेंदू निर्णय घेतो, हात नॉब थोडा फिरवतो आणि काही मिनिटांनी हेच सगळं पुन्हा घडतं. नियंत्रणशास्त्राच्या भाषेत हे पूर्ण बंद वर्तुळ आहे, फक्त त्यातला नियंत्रक माणूस आहे. खरं तर मॅन्युअल एसीतही एक छोटं स्वयंचलित वर्तुळ आधीपासून असतंच. आर-१३४ए हा गॅस वातावरणाच्या दाबाला उणे २६ अंशांवर उकळतो, त्यामुळे कॉइल सहज शून्याखाली जाऊ शकते. तसं झालं तर तिच्या पापुद्र्यांवर बर्फ जमून हवेची वाटच बंद होईल. म्हणून कॉइलजवळचा सेन्सर पारा शून्याच्या जवळ येताच कॉम्प्रेसर थांबवतो.

१९३९ साली पॅकार्ड कंपनीने कारखान्यातूनच एसी बसवलेली गाडी आणली. तिच्या कॉम्प्रेसरला इंजिनापासून सोडवणारा क्लच नव्हता. एसी खरोखर बंद करायचा तर इंजिन थांबवून पट्टा उतरवावा लागे. हवं ते तापमान एकदा ठरवून निर्धास्त व्हायची सोय त्यानंतर पाव शतकाने, १९६४ च्या कॅडिलॅकमध्ये आली. गार हवा निर्माण करण्यापेक्षा ती नेमकी किती हवी हे यंत्राला समजावणं जास्त अवघड होतं.

ते अजूनही अवघड आहे आणि रेट्रोफिटचा, म्हणजे तयार गाडीत नंतर ही यंत्रणा बसवण्याचा, खरा कस इथेच लागतो. गाडीतल्या हवेचं तापमान मोजायला थर्मिस्टर वापरतात. तापमान वाढलं की त्याचा विद्युतरोध कमी होतो. २५ अंशांना १० किलोओहम असलेला थर्मिस्टर कुठेही मिळतो आणि स्वस्तही असतो. प्रश्न असतो तो कुठे बसवायचा याचा. डॅशबोर्डच्या मागे हवा साचलेली असते आणि प्लॅस्टिक उन्हाने तापलेलं असतं. तिथे नुसता थर्मिस्टर चिकटवला तर तो प्रवाशांच्या भोवतालची हवा मोजतच नाही, डॅशबोर्डचं पोट मोजतो. नियंत्रकाला वाटतं गाडी अजून तापलेलीच आहे, आणि आतले लोक कुडकुडतात. कारखान्यातून आलेल्या गाडीत या सेन्सरपुढे बारीक जाळी असते आणि त्याच्यावरून हवा सतत ओढली जाते. त्यासाठी कधी छोटा पंखा असतो, तर कधी ब्लोअरच्या पेटीला जोडलेली एक नळी. पेटीतल्या वेगवान हवेमुळे त्या नळीत हलकं शोषण तयार होतं. ही नळी दिसायला इतकी क्षुल्लक असते, की सुटे भाग जमवताना ती हमखास राहून जाते. माझ्या मते या सगळ्या कामात तिच्याइतका दुर्लक्षित आणि तिच्याइतका निर्णायक भाग दुसरा नाही.

समजा हवेचं तापमान अगदी अचूक मोजलं. तरी माणसाला काय वाटतंय हे त्यावरून पुरतं कळत नाही. डेन्मार्कचे अभियंता पोव्हल ओले फँगर यांनी १९७० च्या सुमारास मांडलेल्या गणितात सुखद वाटण्यामागे सहा गोष्टी धरल्या आहेत: हवेचं तापमान, भोवतालच्या पृष्ठभागांकडून येणारी उष्णता, हवेचा वेग, आर्द्रता, अंगावरचे कपडे आणि शरीराची हालचाल. गाडीत यांतली दुसरी गोष्ट फार जोर धरते. निरभ्र दुपारी सूर्याकडे तोंड केलेल्या दर चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट ऊर्जा पडते, तर शांत बसलेल्या माणसाचं शरीर साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतं. काचेतून छातीवर आणि मांडीवर येणारं ऊन या १०० वॅटच्या तुलनेत किरकोळ नक्कीच नाही. म्हणूनच हवा २४ अंश असताना दुपारी उकडतं आणि रात्री त्याच २४ अंशांत गारठा वाटतो.

यावरचा उपाय म्हणजे डॅशबोर्डवर, पुढच्या काचेच्या बुडाशी असलेली काळसर टोपी. तिच्याखाली फोटोडायोड असतो आणि पडणाऱ्या प्रकाशाच्या प्रमाणात तो विद्युतप्रवाह देतो. ऊन वाढलं की नियंत्रक हवेचं तापमान थोडं खाली आणतो. एक गंमत इथे सांगायला हवी. गाडी बंदिस्त शेडमध्ये उभी करून तपासणी केली तर अनेक गाड्या या सेन्सरमध्ये बिघाड असल्याचं दाखवतात, कारण तिथे त्याला पुरेसा प्रकाशच मिळत नाही. सेन्सर बदलण्याआधी गाडी उन्हात आणून पाहावी.

बाहेरचं तापमान मोजणारा सेन्सर पुढच्या बंपरमागे असतो. गाडी वाहतुकीत अडकली की इंजिनाची आणि कंडेन्सरची उष्णता त्याच्यापर्यंत पोहोचते आणि तो खोटं सांगू लागतो. म्हणून चांगले नियंत्रक वाढलेला आकडा सावकाश आणि गाडी वेगात असतानाच मान्य करतात, घटलेला मात्र लगेच. चौथी माहिती इंजिनाच्या पाण्याच्या तापमानाची. थंडीत पाणी गरम होण्याआधी ब्लोअर जोरात सुटला तर पायांवर बर्फासारखी हवा येते, त्यामुळे तोवर त्याला दाबून ठेवावं लागतं.

एवढी माहिती गोळा झाल्यावर तिचं करायचं काय? कित्येक गाड्यांत वापरलेली एक रीत मला फार देखणी वाटते. ठरवलेलं तापमान, आतलं तापमान, बाहेरचं तापमान आणि ऊन या प्रत्येकाला ठरावीक वजन देऊन बेरीज-वजाबाकी करायची आणि एकच आकडा काढायचा: या क्षणी व्हेंटमधून किती अंशांची हवा बाहेर पडली पाहिजे. बाकी सगळं या एका आकड्यावरून ठरतं. आकडा खूप खाली असेल तर ब्लोअर जोरात, हवा चेहऱ्याकडे, बाहेरची हवा बंद. खूप वर असेल तरीही ब्लोअर जोरात, पण हवा पायांकडे. मधल्या पट्ट्यात ब्लोअर मंद. तापलेल्या गाडीत एसी चालू केल्यावर आधी होणारा घोंघाट आपोआप कमी होत जातो, तो हा आकडा मधल्या पट्ट्याकडे सरकत असल्यामुळे. तापमान सगळ्यात खाली लावलं की गाडी लवकर थंड होते, हा समजही इथे बराचसा कोसळतो. तापलेल्या गाडीत झडप आधीच पूर्ण गार बाजूला आणि ब्लोअर पूर्ण वेगात असतो. त्याहून जास्त द्यायला यंत्रणेकडे काही उरलेलंच नसतं.

झडप हलवायला केबलच्या जागी छोटी मोटर लागते. तिच्यात दातेरी चाकांची रांग असते आणि झडप कुठे आहे ते सांगणारा पोटेन्शिओमीटर. जुळणी झाल्यावर झडप दोन्ही टोकांपर्यंत नेऊन ती टोकं नियंत्रकाला एकदा शिकवावी लागतात, नाहीतर मोटर टोकाला पोहोचूनही रेटत राहते आणि दाते झिजतात. ब्लोअरसाठी मॅन्युअल गाडीत रेझिस्टरची पट्टी असते, म्हणून वेगाचे चारच टप्पे मिळतात. ऑटोमॅटिकला वेग हळूहळू बदलता यायला हवा, तेव्हा तिच्या जागी पॉवर ट्रान्झिस्टर येतो. पूर्ण वेगात ब्लोअर २० अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढू शकतो आणि मधल्या वेगात हा ट्रान्झिस्टर चांगलाच तापतो. रेझिस्टरप्रमाणे तोही ब्लोअरच्या वाऱ्यातच बसवलेला असतो. तो बाहेर कुठे सोयीच्या जागी लावायची चूक महागात पडते.

आता प्रोग्रॅम. झडप हलल्यापासून गाडीतल्या सेन्सरला फरक जाणवेपर्यंत बराच वेळ जातो. उतावळा नियंत्रक तेवढ्या वेळात झडप आणखी फिरवतो, मग गारठा जास्त होतो, मग तो उलट फिरवतो आणि हवा गरम-गार अशी झुलत राहते. दुसरा धोका जरा लपलेला आहे. अनेक नियंत्रक ठरवलेल्या आणि प्रत्यक्ष तापमानातला मागच्या काही मिनिटांचा फरक साठवत जातात आणि त्या साठ्यानुसार जोर लावतात. उन्हात तापलेल्या गाडीत हा साठा अवाढव्य होतो. गाडी हव्या तापमानाला आली तरी तो ओसरेपर्यंत गार हवा चालूच राहते. झडप टोकाला पोहोचली की साठवणं थांबवायचं, एवढा साधा नियम लिहिला की हे टळतं. फरक अर्ध्या अंशाहून कमी असेल तर झडपेला हातच लावायचा नाही, हा दुसरा नियम. त्याने मोटरची सततची किरकिर थांबते.

हे सगळं करायचे मार्ग दोन. त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकारात ऑटोमॅटिक एसी असेल तर पेटी बऱ्याचदा तीच असते, मोटरा बसवायच्या खाचाही तयार असतात. पॅनेल, मोटरा, सेन्सर आणि वायरिंग आणलं की यांत्रिक भाग जुळतो. अडतं ते कॉम्प्रेसरपाशी. मॅन्युअल पॅनेल अनेकदा एका साध्या वायरवरून एसी मागतं, तर ऑटोमॅटिक पॅनेल तीच मागणी गाडीतल्या कॉम्प्युटरांना एकमेकांशी जोडणाऱ्या कॅन नेटवर्कवर संदेश म्हणून पाठवतं. गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये तशी नोंद केली नाही, तर सगळं नवंकोरं असूनही कॉम्प्रेसर सुरूच होत नाही. म्हणून भाग विकत घेण्याआधी ही नोंद करता येते का, याचा शोध घ्यावा.

दुसरा मार्ग स्वतःचा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे आपण प्रोग्रॅम लिहू शकतो असा एका चिपमधला छोटा कॉम्प्युटर, लावण्याचा. तो निवडणाऱ्यांनी पहिल्या फेरीत फक्त मिश्रणाची झडप आणि ब्लोअर स्वयंचलित करावा, हवा कुठे सोडायची ते हातानेच ठेवावं, असं माझं मत आहे. सुखद वाटण्यातला मोठा वाटा तेवढ्यातच मिळतो. गाडीचा वीजपुरवठाही घरातल्या अडॅप्टरसारखा शांत नसतो. १२ व्होल्टच्या तारेवर क्षणभर त्याच्या कित्येक पट दाब उसळू शकतो, त्यामुळे संरक्षक सर्किट आणि योग्य फ्यूज हवेतच.

कोणत्याही मार्गाने जा, डॅशबोर्ड उघडण्याआधी बॅटरी सोडवून गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबायला हवं, कारण एअरबॅगच्या वायरी त्याच भागातून जातात. नुसत्या मोटरा आणि सेन्सर बसवायचे असतील तर गॅसला हात लावावा लागत नाही. पण पेटीच बाहेर काढायची वेळ आली, तर आधी यंत्राने गॅस काढून घ्यायला हवा. १०० वर्षांच्या हिशेबाने एक किलो आर-१३४ए कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट तापमानवाढ घडवतो. २०१७ पासून युरोपीय संघात नव्या मोटारींमध्ये त्याला बंदी आहे, ती त्यामुळेच. तो हवेत सोडून देणं कुठल्याही सबबीवर योग्य नाही.

शेवटचा मुद्दा काचेचा. इंधन वाचवण्यासाठी काही नियंत्रक कॉइल १० अंशांच्या वर जाऊ देतात. कॉम्प्रेसरवरचा भार हलका होतो, पण हवा तितकी कोरडी होत नाही. त्यात बाहेरची हवा बंद असेल तर प्रवाशांच्या श्वासातली वाफ पुढच्या काचेवर जमते. तेव्हा डीफ्रॉस्टचं बटण दाबताच बाकी सगळे नियम बाजूला पडले पाहिजेत: कॉम्प्रेसर चालू, बाहेरची हवा, ब्लोअर जोरात आणि सगळा झोत काचेवर. वीज गेली की मोटरच्या दातेरी चाकांमुळे झडप होती तिथेच अडकते. केबल असताना ती हाताने तरी हलवता येत होती. म्हणून प्रोग्रॅम बंद पडला तरी चालेल अशी डीफ्रॉस्टची वेगळी, थेट वायर सगळ्यात आधी ओढावी आणि नियंत्रकाची वीज मुद्दाम तोडून, झोत काचेवर येतो की नाही ते तपासावं. ते जमल्याशिवाय डॅशबोर्डचे स्क्रू परत आवळू नयेत.