सुरगाठ, निरगाठ आणि धमनीची भिंत

धमनीचा आजार समजावताना हमखास तुंबलेल्या नळाचं चित्र काढतात. याच चित्राच्या जिवावर ‘ब्लॉकेज साफ करणारे’ काढे आणि पावडरी खपतात. नळ म्हटला की तो खरवडावासा वाटणारच! पण धमनीतला थर वरून बसत नाही. तो अस्तराच्या मागे, भिंतीच्या आत वाढतो. आणि तो वाढवायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी स्वतः भिंत ओलांडून जातात.

हे अस्तर जेमतेम एका पेशीच्या जाडीचं. धडधाकट असताना त्याला पांढऱ्या पेशी सहसा चिकटत नाहीत. एलडीएल कोलेस्टेरॉलचे कण त्याच्या खाली अडकले, त्यांचं ऑक्सिडीकरण झालं, की अस्तराच्या पेशी बिथरतात आणि अंगावर चिकट रेणू काढतात: सिलेक्टिन, व्हीकॅम-१, आयकॅम-१. धमनीला जिथे फाटा फुटतो तिथे प्रवाह विस्कटतो, म्हणून हे तिथे आधी घडतं.

आता खरी गंमत. वेगाने वाहणारी पेशी मुळात थांबते कशी? साधा रासायनिक बंध सुरगाठीसारखा असतो, ओढला की सुटतो. सिलेक्टिनचा बंध मात्र निरगाठीच्या जातीचा. ओढाल तसा घट्ट! पी-सिलेक्टिन या त्याच्या एका प्रकाराच्या बाबतीत २००३ मध्ये एकेका रेणूला ओढून हे मोजलं गेलं. ताण साधारण दहा-वीस पिकोन्यूटनपर्यंत वाढवला तर बंध जास्त वेळ टिकतो, त्यापुढे मात्र तुटतो. (पिकोन्यूटन म्हणजे न्यूटनचा एक लाख कोटीवा भाग.) म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं ते असं: तांबड्या पेशी सुसाट जातात आणि पांढरी पेशी भिंतीला धरून, अडखळत, घरंगळते. मागचा बंध सुटतो, पुढचा जुळतो. प्रवाह फार मंद केला तर ती आणखी चिकटेल असं वाटतं ना? उलट, ती सुटून जाते. बंध आवळायला पुरेसा ताणच उरत नाही.

घरंगळताना अस्तरावरचे केमोकाइन, म्हणजे निरोप देणारे रेणू, तिला टोचतात. मग तिच्या अंगावरचा दुमडलेला व्हीएलए-४ हा इंटिग्रिन (पकड घेणारा रेणू) सरळ होतो, व्हीकॅम-१ला पकडतो आणि पेशी जागीच थांबते. पुढे ती दोन पेशींच्या फटीतून आत शिरते, भक्षकपेशी होते, कोलेस्टेरॉल गिळून फेसाळ दिसू लागते. थर वाढतो तो असा. कोलेस्टेरॉल वाढलेल्या सशांच्या धमन्यांत नेमक्या बिघडलेल्या जागी व्हीकॅम-१ असतो, हे सायबुल्स्की आणि गिम्ब्रोन या संशोधकांनी १९९१ मध्ये दाखवलं.

मग ही पकडच का अडवू नये? व्हीएलए-४ अडवणारं औषध आहे: नॅटालिझुमॅब. ते मल्टिपल स्क्लेरोसिससाठी वापरतात; या आजारात पांढऱ्या पेशी मेंदूत शिरून मज्जातंतूंच्या आवरणावर हल्ला करतात. अमेरिकेत २००४ मध्ये त्याला मान्यता मिळाली, २००५ मध्ये ते बाजारातून काढलं आणि २००६ मध्ये कडक अटींवर परत आणलं. कारण पांढऱ्या पेशींची मेंदूकडची वाटही बंद झाली आणि एरवी निपचित पडून असणाऱ्या जेसी विषाणूने काही रुग्णांचा मेंदू पोखरला. धमनीत शिरताना पेशी ज्या हातांनी भिंत धरते, तेच हात तिला जंतूंपर्यंतही नेतात.