मिसळीच्या पिशवीचं रबर आणि कंडोमची साईज

परवा कॉलेज रोडच्या टपरीवर मित्राने रील दाखवली, एक पोरगा कंडोम डोक्यावर ओढून नाकाने फुगवतोय आणि खाली लिहिलंय 'बसत नाही म्हणणाऱ्यांनो बघा'. हसलो खरं पण डोकंही फिरलं, अरे ताणला जाणं वेगळं आणि नीट बसणं वेगळं.

पार्सल मिसळ आणली की रश्श्याच्या पिशवीला रबर असतं ना, ते झटकन ताणा आणि तसंच वरच्या ओठाला टेकवा. गरम लागेल. जरा थांबून सैल सोडा, गार लागेल. मला ह्याचं अजून नवल वाटतं! रबर म्हणजे लांबच लांब रेणूंचा गुंतवळ, त्यात गंधकाने मधेमधे गाठी मारलेल्या (अमेरिकी संशोधक चार्ल्स गुडइयरचं पेटंट, 1844). ताणलं की साखळ्या सरळ होतात, पण त्यांना परत विस्कटायचं असतं, म्हणजे एन्ट्रॉपी वाढवायची असते, तीच ती ओढ. म्हणून ताणलेलं रबर तापवलं की उलट आखडतं, कारण बल म्हणजे वजा तापमान गुणिले लांबीमागे एन्ट्रॉपीत होणारा बदल... बरं राहू दे.

मुद्दा काय, ताणलेलं रबर गप्प बसत नाही, आवळतच राहतं. पाकिटावरचे 52 मिमी म्हणजे कंडोम सपाट ठेवल्यावरची रुंदी, म्हणजे घेर 104. ताठ लिंगाचा घेर 117 असेल (सरासरी साधारण तेवढीच आहे) तर ताण 12-13 टक्के, 130 असेल तर डायरेक्ट 25. आणि 105 असेल तर ताण जवळपास शून्य, मग पकड कसली, निसटणारच. घेराला टेप लावा, अर्धा करा, त्याहून दोन-चार मिमी कमीचा बघा.

2010 साली छापून आलेल्या अमेरिकी संशोधकांच्या एका पाहणीत 436 पुरुषांना विचारलं होतं, नीट न बसणारा वापरणाऱ्यांमध्ये फाटणं, निसटणं आणि मधेच काढून टाकणं जास्त निघालं. म्हणजे 'मजा येत नाही' हा दरवेळी बहाणा नसतो. आपल्याकडे मात्र एनएफएचएस-5 मध्ये (सरकारची कुटुंब-आरोग्य पाहणी, 2019-21) कंडोम वापरणारे 9.5 टक्के होते आणि बायकांचं नसबंदीचं ऑपरेशन 37.9 टक्के, भार कुणावर ते दिसतंच.

आणि दोन एकावर एक घातले की डबल सेफ, हे डोक्यातून काढा, घासून फाटू शकतात. खोबरेल तेल तर लावूच नका, लेटेक्स, म्हणजे कंडोमचं रबर, फुगून कमजोर होतं. एसटी स्टँडच्या मुतारीत चिकटवलेल्या 'ताकद वाढवा'वाल्यांबद्दल काय बोलणार.

हे सगळं वाचून मी पंचवटीत एका मेडिकलमध्ये विचारलं, 49 मिमी आहे का? काउंटरवरच्या पोराने काळी पिशवी आधीच हातात घेतलेली. म्हणाला, "मिमी नाही माहीत दादा, स्ट्रॉबेरी देऊ का चॉकलेट?"