पुरुष प्रजननक्षमता : सवयी, ऋतुमान आणि गर्भधारणेची वेळ (नागपूर परिसर)

पुरुषाच्या शरीरात पुरेसे, चपळ व निरोगी शुक्राणू तयार होणे आणि ते योग्य वेळी स्त्रीबीजापर्यंत पोहोचणे, या क्षमतेला पुरुष प्रजननक्षमता म्हणतात. गर्भनिरोधक न वापरता वर्षभर नियमित संबंध ठेवूनही गर्भ राहिला नाही, तर वैद्यकशास्त्र त्याला वंध्यत्व म्हणते. पत्नीचे वय 35 च्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच तपासणी सुरू करावी, असा संकेत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या अहवालानुसार जगातील साधारण सहापैकी एका प्रौढाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला सामोरे जावे लागते. अशा जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचे कारण असते, कधी एकटे तर कधी स्त्रीकडच्या कारणाच्या जोडीने. तरी नागपुरात, आणि एकूण विदर्भातच, दवाखान्याची पायरी आधी सून चढते. तिची सोनोग्राफी होते, थायरॉइड होते, गर्भनलिकांची तपासणी होते, मधल्या काळात नवससायासही होतात. नवऱ्याची वीर्यतपासणी सर्वांत सोपी आणि बिनदुखण्याची, पण तिचा नंबर शेवटी लागतो.

तीन महिन्यांचा हिशेब. वृषणात एक शुक्राणू घडायला साधारण 74 दिवस लागतात. त्यानंतर वृषणामागच्या वेटोळ्या नळीत, म्हणजे अधिवृषणात, तो आणखी दहा-बारा दिवस मुरतो आणि तिथेच त्याला पोहता येऊ लागते. म्हणून आज तपासलेले वीर्य हा गेल्या तीन महिन्यांचा जमाखर्च असतो. मागच्या आठवड्यात तंबाखू सोडली म्हणून या आठवड्याच्या रिपोर्टमध्ये फरक दिसत नाही, आणि दोन महिन्यांपूर्वी येऊन गेलेला ताप आज आकडे खाली ओढू शकतो. सवयींविषयीचा कोणताही सल्ला या हिशेबाशिवाय अपुरा आहे. मूल हवे असे ठरले की पुरुषाने किमान तीन महिने आधी तयारीला लागावे, हे त्यातले व्यावहारिक सार.

उष्णता. वृषणे पोटाबाहेर असतात, कारण शुक्राणू घडण्यासाठी शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागते. नागपूरचा उन्हाळा सगळ्यांना ठाऊक आहे. मे महिन्यात कमाल तापमान 42-43 अंशांच्या आसपास राहते, नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत कडक नऊ दिवसांत, 45 ओलांडते, आणि 23 मे 2013 रोजी ते 47.9 अंशांवर गेले होते. निरनिराळ्या देशांतल्या अनेक अभ्यासांत उन्हाळ्यातील नमुन्यांत शुक्राणूंची संख्या हिवाळ्यापेक्षा कमी आढळली आहे. पण म्हणून नागपूरकराने मे महिना वाया गेला असे समजण्याचे कारण नाही. शरीर घामावाटे स्वतःला थंड ठेवते, आणि निरोगी पुरुषात हा ऋतूनुसारचा फरक गर्भधारणा अडवण्याइतका नसतो. ज्याची संख्या मुळातच काठावर आहे, त्याला तो जाणवू शकतो. अशा माणसाचा जुलै-ऑगस्टमधला रिपोर्ट वाचताना नवतपा लक्षात घ्यावा.

हवेच्या उष्म्यापेक्षा जवळून आणि रोज बसणारी धग जास्त महत्त्वाची. हिंगणा-बुटीबोरीच्या कारखान्यांतली भट्टी, हलवायाच्या कढईसमोरची जागा, इंजिनाच्या उष्णतेत तासन्‌तास बसून चालवलेला ट्रक हे त्याचे नमुने. सतत बसून राहिल्यानेही अंडकोशाचे तापमान वाढते. मांडीवर लॅपटॉप ठेवल्याने तेच होते. घट्ट अंतर्वस्त्रांबद्दलचा घरगुती समज अगदीच निराधार नाही. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या हार्वर्डच्या अभ्यासात 656 पुरुषांपैकी सैल अंतर्वस्त्रे वापरणाऱ्यांत शुक्राणूंचे प्रमाण सुमारे 25 टक्के जास्त होते. अर्थात घट्ट कपडे घालणाऱ्यांचे आकडेही बहुतेक सामान्य मर्यादेतच होते. खिशातल्या मोबाइलविषयी मात्र ठाम काही सांगण्याजोगा पुरावा नाही.

खर्रा. या परिसरातली सर्वांत मोठी बदलण्याजोगी सवय हीच. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदावर घोटून दिलेला खर्रा नागपुरात पानठेल्यापानठेल्यावर मिळतो. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी असली तरी ही सवय कमी झालेली नाही. महाराष्ट्रात विडी-सिगारेट ओढणारे तुलनेने थोडे आणि तंबाखू खाणारे कितीतरी जास्त. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात राज्यातील सुमारे 24 टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू घेत होते. त्यामुळे ‘धूम्रपान टाळा’ एवढेच छापलेले पत्रक इथे नेम चुकवते. रुग्ण प्रामाणिकपणे सांगतो, ‘डॉक्टर, मी सिगारेट ओढत नाही’, आणि विषय तिथेच संपतो. ‘दिवसाला खर्रा किती?’ असे थेट विचारावे लागते.

तंबाखूतले निकोटिन आणि कॅडमियमसारखे जड धातू रक्तातून वृषणापर्यंत पोहोचतात. तिथे ऑक्सिडीकरणाचा ताण वाढतो, शुक्राणूंचे बाह्य आवरण खराब होते आणि आतल्या डीएनएचे धागे तुटतात. वंध्यत्वासाठी तपासल्या गेलेल्या भारतीय पुरुषांच्या अभ्यासांत तंबाखू चघळण्याचे प्रमाण जसे वाढते तशी शुक्राणूंची संख्या, चाल आणि घडण उतरत गेलेली दिसली आहे. सुपारीतील अॅरेकोलिन या घटकाचा वृषणावर वाईट परिणाम प्राण्यांवरील प्रयोगांत आढळतो, म्हणून ‘तंबाखू सोडून नुसती सुपारी’ ही तडजोडही निर्धोक नव्हे. खर्ऱ्याने प्रत्येकाला वंध्यत्व येत नाही, हेही खरे. पाच पुड्या खाणाऱ्याला तीन लेकरे असल्याचा दाखला कुठल्याही पानठेल्यावर मिळेल. त्या दाखल्यातून एवढेच कळते की त्याच्याकडे शिल्लक भरपूर होती. ज्याच्याकडे ती नाही, त्याच्या बाबतीत खर्रा सोडणे हा बिनखर्चाचा उपचार ठरतो.

दारू, वजन, जिम. रोजची जड दारू टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक घटवते आणि ताठरतेवरही परिणाम करते. क्वचित थोडी घेणाऱ्यात ठळक फरक दिसत नाही. पोटावरची चरबी टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकात रूपांतर करते, शिवाय मांड्यांमधली उष्णता वाढवते. वजन कमी केल्याने संप्रेरके सुधारतात हे नक्की. शुक्राणू त्याच प्रमाणात सुधारतातच असे नाही.

जिमचा मुद्दा वेगळा आणि गंभीर आहे. व्यायाम चांगलाच. पण दंड फुगवण्यासाठी घेतलेली टेस्टोस्टेरॉनची किंवा तत्सम स्टेरॉइडची इंजेक्शने मेंदूला खोटा निरोप देतात : संप्रेरक भरपूर आहे, वृषणाने काम थांबवावे. काही महिन्यांत शुक्राणूंची संख्या शून्यावर येऊ शकते आणि वृषणे आकाराने लहान होतात. इंजेक्शने बंद केल्यावर बहुतेकांत निर्मिती परत सुरू होते, मात्र त्याला सहा महिने ते दोन वर्षे लागू शकतात. ‘ताकद’ वाढवायला म्हणून टेस्टोस्टेरॉन घेणारा, मूल हवे असलेला पुरुष नेमका उलट्या दिशेने चाललेला असतो. पावडरच्या डब्यात काय आहे हे माहीत नसेल तर तो डबा डॉक्टरांना दाखवावा.

जस्त आणि फोलिक आम्लाच्या गोळ्या सर्रास लिहून दिल्या जातात. अमेरिकेत 2,370 जोडप्यांवर झालेल्या आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत पुरुषांना या गोळ्या देऊन ना वीर्याचा दर्जा सुधारला, ना मुले जन्माला येण्याचे प्रमाण वाढले. अश्वगंधेवरचे अभ्यास आशादायक पण लहान आहेत. महिन्याला काही हजारांची ‘किट’ विकत घेण्यापेक्षा तेवढ्या पैशात डाळ, भाजी, मोसमातली संत्री आणि रात्रीची पूर्ण झोप यांची सोय लावणे अधिक शहाणपणाचे. झोपेचे महत्त्व इथे विशेष, कारण टेस्टोस्टेरॉन मुख्यतः झोपेत वाढते, आणि कोळसा खाणी, वीज केंद्रे, एमआयडीसी यांच्या पाळ्या आठवड्याला बदलत असतात.

ताप, औषधे, फवारणी. पावसाळा उतरताना डेंग्यू-मलेरिया वाढतात. जोराचा ताप येऊन गेल्यावर पुढचे काही आठवडे शुक्राणूंची संख्या आणि चाल घटते व साधारण तीन महिन्यांत पूर्ववत होते. अशा वेळी केलेल्या एका तपासणीवरून कुणालाही दोषी ठरवू नये. वयात आल्यानंतर झालेले गालगुंड वृषणात उतरल्यास इजा कायमची राहू शकते. अंडकोशातील शिरा फुगण्याचा विकार, व्हेरिकोसील, साधारण 15 टक्के पुरुषांत असतो. वंध्यत्वासाठी येणाऱ्यांत तो 35 ते 40 टक्क्यांपर्यंत सापडतो. हाताला जाणवणाऱ्या व्हेरिकोसीलवर शस्त्रक्रियेचा उपयोग होतो. मधुमेहात वीर्य उलट मूत्राशयात जाऊ शकते. कपाशीवर व संत्राबागांत फवारणी करणाऱ्यांनी हातमोजे, मुखपट्टी आणि कपडे बदलण्याची शिस्त पाळावी. कीटकनाशकांशी दीर्घ संपर्क आणि घसरलेला वीर्यदर्जा यांचा संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे.

वेळ. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर ते जेमतेम 12 ते 24 तास फलनक्षम राहते. शुक्राणू मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जगू शकतात. त्यामुळे गर्भ राहण्याचे दिवस महिन्यातून सहाच : बीजमोचनाचा दिवस आणि त्याआधीचे पाच. त्यातही शेवटचे दोन-तीन सर्वांत अनुकूल. पाळी 28 दिवसांची असेल तर बीजमोचन साधारण चौदाव्या दिवशी होते. 35 दिवसांची असेल तर एकविसाव्याच्या सुमारास, कारण पाळीआधीचा पंधरवडा बहुतेकींत जवळपास ठरलेला असतो. योनिस्राव कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा ताणला जाऊ लागला की ते दिवस सुरू झाले असे समजावे. औषधांच्या दुकानात मिळणारी बीजमोचनाची पट्टीही उपयोगी पडते.

पाळी नियमित असेल तर कॅलेंडरवर खुणा करण्याचीही गरज नाही. एक दिवसाआड संबंध ठेवले की सगळे दिवस आपोआप साधतात. अडचण दूर राहणाऱ्यांची होते. नागपूरचे बरेच तरुण पुण्यात किंवा हैदराबादेत नोकरीला असतात आणि महिन्यातून एखाद्या शनिवार-रविवारी घरी येतात. त्यांचे ‘दोन वर्षे प्रयत्न’ मोजायला बसले तर योग्य दिवसांवर पडलेल्या भेटी हाताच्या बोटांवर उरतात. अशांनी उपचारांआधी सुट्टीचे गणित बदलून पाहावे.

वीर्य ‘साठवून’ ठेवले की ते घट्ट व जोमदार होते, ही समजूत खोलवर रुजलेली आहे. फार दिवसांच्या खंडाने संख्या वाढते, पण जुन्या शुक्राणूंची चाल मंदावते आणि डीएनएचे नुकसान वाढते. वीर्य जाण्याने शक्ती जाते या भीतीतून येणाऱ्या अशक्तपणाला आणि उदासीला मनोविकारशास्त्रात ‘धात सिंड्रोम’ असे नाव आहे, डॉ. नरेंद्र विग यांनी ते 1960 मध्ये दिले. सुश्रुतसंहितेने गर्भधारणेसाठी ऋतू (योग्य वेळ), क्षेत्र (गर्भाशय), अंबु (पोषक रस) आणि बीज या चार गोष्टी सांगितल्या आहेत, आणि त्यात वेळ पहिली आहे, हे मात्र आजच्या ज्ञानाशी जुळते. पाळीपासून मोजलेल्या सम रात्री मुलगा आणि विषम रात्री मुलगी, ही जुनी समजूत जुळत नाही. शुक्राणूत एक्स गुणसूत्र आहे की वाय, यावर लिंग ठरते आणि तिथीचा त्याच्याशी संबंध नाही. गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही 1994 च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याने, त्याच्या 2003 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार, गुन्हा आहे.

तपासणी. नमुना देण्यापूर्वी दोन ते सात दिवसांचा खंड ठेवतात. नमुना शक्यतो प्रयोगशाळेतच द्यावा. घरून आणायचा असल्यास तासाभराच्या आत, खिशात अंगाजवळ ठेवून आणावा. स्कूटरच्या डिक्कीत ठेवलेला नमुना नागपूरच्या उन्हात पोहोचेपर्यंत निकामी झालेला असतो. साधे निरोध किंवा वंगण वापरू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या मार्गदर्शिकेत खालच्या मर्यादा अशा आहेत : वीर्य 1.4 मिली, प्रति मिली 1.6 कोटी शुक्राणू, एकूण 3.9 कोटी, हालचाल करणारे 42 टक्के, सामान्य घडणीचे 4 टक्के. शेवटचा आकडा वाचून अनेक जण हादरतात. 96 टक्के शुक्राणू ‘सदोष’ दिसणे हे निसर्गात चालते. या मर्यादेखाली असलेल्यांनाही मुले होतात, आणि वर असलेल्या काहींना होत नाहीत. रिपोर्ट बिघडला तर काही आठवड्यांनी पुन्हा करून पाहावा.

सिकलसेल. विदर्भात निरोगी गर्भधारणेचा विचार सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराशिवाय पूर्ण होत नाही. पती-पत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. वाहक पुरुष एरवी ठणठणीत असतो, म्हणून त्याला पत्ताच नसतो. रक्ताची सोल्युबिलिटी चाचणी शासकीय आरोग्य केंद्रांत होते आणि पक्के निदान पुढच्या तपासणीने होते. ती लग्नाआधी, निदान गर्भधारणेआधी, करून घ्यावी. प्रत्यक्ष आजार असलेल्या पुरुषांना दिले जाणारे हायड्रॉक्सियुरिया हे औषध शुक्राणूंची संख्या कमी करू शकते. ते मनाने बंद करू नये. मूल हवे असल्याचे डॉक्टरांना आधी सांगून निर्णय घ्यावा. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान 1 जुलै 2023 रोजी सुरू झाले आहे.

उपचार. सवयी सुधारून आणि वेळ साधूनही गर्भ राहिला नाही तर कारणानुसार औषधे, शस्त्रक्रिया, गर्भाशयात शुक्राणू सोडणे, आयव्हीएफ (शरीराबाहेर, प्रयोगशाळेत फलन) किंवा इक्सी हे पर्याय असतात. इक्सीमध्ये एकच शुक्राणू थेट स्त्रीबीजात टोचतात. वीर्यात शुक्राणू अजिबात नसतील तर काही वेळा ते वृषणातून मिळवता येतात. 2021 च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने अशा केंद्रांना नोंदणी सक्तीची केली आहे. उपचारांसाठी वयोमर्यादा स्त्रीला 21 ते 50 आणि पुरुषाला 21 ते 55 वर्षे आहे. पुरुषाचे वय वाढते तसे शुक्राणूंमधील नव्या जनुकीय बदलांचे प्रमाणही वाढते, म्हणून या 55 ला सुरक्षित वय समजू नये. कर्करोगाची केमोथेरपी किंवा रेडिएशन घेणाऱ्या तरुणांनी उपचार सुरू होण्यापूर्वी वीर्य गोठवून ठेवण्याविषयी विचारावे. एकदा केमो सुरू झाल्यावर विचारणे बहुधा उशिराचे ठरते.